आग घरात, बंब कुत्र्यावर

कुत्रा मागचा पाय उचलून मान कराकरा खाजवू लागला की घरात एक ठरलेला कार्यक्रम सुरू होतो. औषधी साबणाने आंघोळ, बारीक दातांच्या फणीने विंचरणे, अंगावर पावडर, आणि सापडतील त्या पिसवा चिमटीत धरून पाण्यात बुडवणे. संध्याकाळपर्यंत कुत्रा निवांत होतो, घरचेही निर्धास्त होतात, आणि आठ-दहा दिवसांत खाजवणे पुन्हा सुरू होते. मग साबण बदलतो, दुकान बदलते, शेवटी डॉक्टरही बदलतात. दोष बहुतेक वेळा यांतल्या कोणाचाच नसतो. कुत्र्याच्या अंगावर दिसतात तेवढ्याच पिसवा, हा आपण मनाशी धरलेला हिशेब चुकलेला असतो. पिसवांचा बहुतांश पसारा घरात असतो. कुत्र्यावर दिसतो तो त्याचा लहानसा भाग. आणि असे असूनही त्यांचा नायनाट करण्याचा खात्रीचा रस्ता कुत्र्याच्या अंगावरूनच जातो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असे कोणी म्हणेल. इथे मात्र बंब रामेश्वरीच न्यावा लागतो. का, ते समजायला पिसूचे आयुष्य जरा बारकाईने पाहायला हवे.

त्याआधी ओळख पक्की केलेली बरी, कारण आपल्याकडे पुष्कळ जण गोचिडालाही पिसूच म्हणतात. पूर्ण वाढलेल्या गोचिडाला आठ पाय असतात. ते कातडीत तोंड रुतवून दिवसेंदिवस एकाच जागी बसते आणि रक्त पिऊन फुगते. पिसू दोन-तीन मिलिमीटरची, सहा पायांची, दोन्ही बाजूंनी चपटी, केसांमधून सरासर पळणारी आणि उडी मारून नाहीशी होणारी. पिसू दिसलीच नाही तरी तिचा माग काढता येतो. कुत्र्याच्या शेपटीच्या बुडाशी फणी फिरवून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावेत. कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसूची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. नाहीतर ती नुसती माती. जगभर कुत्र्यांवर सर्वाधिक आढळते ती खरे तर मांजराची पिसू, टेनोसेफॅलायडिस फेलिस. भारतात तिची जवळची बहीण टेनोसेफॅलायडिस ओरिएन्टिस कुत्र्यांवर आणि शेळ्यांवरही भरपूर सापडते. म्हणजे या किड्याला अमुकच प्राणी हवा असे नाही. जिन्याखाली व्यालेली मांजर, शेजारचा शेळ्यांचा गोठा, फाटकापाशी झोपणारी भटकी कुत्री, सगळीकडून ती येऊ शकते. आमचा कुत्रा तर घराबाहेर फारसा जातच नाही, हा युक्तिवाद म्हणून टिकत नाही. कुत्रा बाहेर गेला नाही तरी पिसूला आत येण्यापासून कोणी अडवत नाही.

पिसूची मादी कुत्र्यावर पोचल्यावर काही मिनिटांतच रक्त प्यायला लागते. दिवसाला ती आपल्या वजनाच्या सुमारे पंधरापट रक्त पिते आणि पहिल्या जेवणानंतर साधारण २४ ते ३६ तासांनी अंडी घालू लागते. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे सगळे त्याच्यावर अवलंबून आहे. त्यानंतर रोज २० ते ५० अंडी, तीही आठवडेच्या आठवडे. उवांची लीख केसाला चिकटून राहते, पिसूचे अंडे तसे चिकटत नाही. ते गुळगुळीत असते आणि कुत्रा चालला, त्याने अंग झटकले किंवा तो पहुडला की घरंगळून खाली पडते. सोफ्यावर, गोधडीवर, गोणपाटावर, फरशीच्या सांध्यात, दिवाणाखाली. कुत्रा जिथे जास्त वेळ काढतो तिथे जास्त. दोन ते सहा दिवसांत त्यातून अळी निघते. ती उजेडाला भिते आणि खाली, आत, अंधारात शिरते. तिचे मुख्य अन्न मोठ्या पिसवांची तीच काळी विष्ठा, जी अंड्यांबरोबरच खाली सांडत असते. आठवडा-दीड आठवडा खाऊन झाले की अळी चिकट रेशमाचा कोष विणते. कोषाला धूळ चिकटते आणि तो आजूबाजूच्या कचऱ्यात ओळखूही येत नाही. सुमारे २७ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता मिळाली तर अंड्यापासून नव्या पिसूपर्यंतचा प्रवास तीन आठवड्यांत उरकतो. हे आकडे वाचून कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहणाऱ्याला आपल्या पावसाळ्याची आठवण झाली तर नवल नाही. नागपूरच्या मे महिन्यात उघड्यावर पडलेली अळी कोरडी पडून मरते, कारण हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांखाली गेली की तिचा टिकाव लागत नाही. पण तिथेही कूलर चालणाऱ्या खोलीत सोफ्याखाली तिचे बरे चालते.

अंडी, अळ्या, कोष आणि मोठ्या पिसवा यांचे प्रमाण अनुक्रमे ५०, ३५, १० आणि ५ टक्के असते, असे नेहमी सांगितले जाते. हा अंदाज आहे, प्रत्येक घरात केलेली मोजदाद नव्हे. ऋतूप्रमाणे आणि घराप्रमाणे तो बदलणारच. पण रोज तीस-चाळीस अंडी घालणारी मादी आणि वाढायला तीन आठवडे घेणारी संतती यांचा साधा हिशेब केला तरी बहुसंख्या घरात असते हा निष्कर्ष टळत नाही. आंघोळ घालून आपण त्या वरच्या पाच टक्क्यांना धुऊन काढतो. उरलेले त्याच वेळी सोफ्याखाली वाढत असतात. साबणाचा असर अंगावर टिकत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कोषातून निघालेली पिसू त्याच स्वच्छ कुत्र्यावर आरामात चढते.

पिसू घरात मुक्काम करते याचा एक जुना पुरावा मुंबईनेच दिलेला आहे, आणि तो फार महागात मिळाला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून उंदरापासून उंदराकडे प्लेग पिसू नेते असे मांडले, तेव्हा त्यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. नंतर मुंबईत ग्लेन लिस्टन आणि १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेच्या जागी, काम करणाऱ्या प्लेग आयोगाने हा प्रश्न निकालात काढला. प्लेग झालेल्या, माणसे सोडून गेलेल्या खोल्यांत त्यांनी गिनिपिग मोकळे सोडले. थोड्या वेळाने त्यांच्या अंगावर पिसवा सापडल्या आणि त्यांतल्या कित्येकांना प्लेगही झाला. जमिनीपासून जेमतेम दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातही लागण पोचली. दोन फूट उंच टांगलेले प्राणी वाचले, कारण ती पिसू तेवढी उंच उडी मारू शकत नाही. उंदीर मेलेला, माणूस निघून गेलेला, तरी जमिनीवर पिसवा वाट पाहत होत्या. ती उंदरांची पिसू होती, कुत्र्यावरची नव्हे, आणि उंदराची पिसू यजमानाच्या अंगापेक्षा बिळात अधिक रमते, हा फरक मान्य करायलाच हवा. कुत्र्यावरची मोठी पिसू एकदा चढली की सहसा उतरत नाही. पण तिची पिलावळ मात्र उंदराच्या पिसूइतकीच जमिनीची रहिवासी आहे.

यात सर्वांत चिवट अवस्था कोषाची. आत पिसू पूर्ण तयार झालेली असते, पण बाहेर यायची घाई करत नाही. पावलांचा कंप, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड यांवरून आसपास कोणी जिवंत प्राणी आल्याचे कळले की ती काही क्षणांत बाहेर पडते. कोणी आलेच नाही तर चार-पाच महिनेही आत थांबू शकते. गणपतीला सगळे कुटुंब कुत्र्यासकट गावी जाऊन पंधरा दिवसांनी परतते, कुलूप उघडून आत पाऊल टाकते आणि पायांना एकदम पिसवा डसतात, याचे कारण हेच. घर बंद असताना पिसवा वाढल्या असे त्यांना वाटते. त्या आधीच वाढून बसलेल्या होत्या, बाहेर आल्या त्या पावलांच्या चाहुलीने. फवारणीची बहुतेक कीटकनाशके या कोषाच्या आत पोचत नाहीत. अळीची मोठी पिसू होऊ न देणारी मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेन यांसारखी द्रव्येही कोषात तयार होऊन बसलेल्या पिसूचे काही बिघडवत नाहीत. ती बाहेर येईपर्यंत थांबण्याला पर्याय नाही.

इथे स्वाभाविक आक्षेप येतो. पसारा घरात आहे असे तुम्हीच सांगता, मग सरळ पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवावे, कुत्र्याला गोळ्या कशाला? उत्तर त्या २४ ते ३६ तासांत आहे. घरातली प्रत्येक अळी, प्रत्येक कोष कधी ना कधी एका अंड्यातून निघालेला असतो, आणि अंडी घालायला मादीला प्राण्याचे रक्त लागते. कोषातून बाहेर पडलेल्या पिसूला जगायचे तर कुत्र्यावर चढावेच लागते; तिच्या आयुष्यातली ही एकच वाट अशी आहे जी टाळता येत नाही. त्या वाटेवर ती पहिले अंडे घालण्याच्या आत मेली तर घरातला साठा नव्याने भरत नाही. जुना साठा मात्र रोज थोडा थोडा बाहेर पडून कुत्र्यावर येत राहतो आणि संपत जातो. फवारणीचे नेमके उलटे आहे: ती आजचा साठा कमी करते, पण कुत्र्यावरची मादी संध्याकाळपर्यंत नवी अंडी सांडून ठेवते. कन्सास राज्य विद्यापीठाचे मायकेल ड्रायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात, म्हणजे कोकणासारख्याच दमट हवेत, प्रत्यक्ष राहत्या घरांमध्ये अशा चाचण्या वर्षानुवर्षे घेतल्या. घरात कीटकनाशक न फवारता फक्त प्राण्यांना नव्या पिढीची औषधे दिली, आणि घरात सापळे लावून पिसवा मोजल्या. दोन-तीन महिन्यांत घरातल्या पिसवा जवळजवळ संपल्या.

नव्या पिढीची औषधे म्हणजे आयसोक्साझोलिन गटातल्या चघळायच्या गोळ्या: अफॉक्सोलानर, सॅरोलानर, लोटिलानर, फ्लुरालानर. पहिल्या तिघांचा असर महिनाभर, फ्लुरालानरचा पिसवांवर सुमारे बारा आठवडे. औषध कुत्र्याच्या रक्तात असते, म्हणून पिसूला ते मिळायला तिने चावायलाच हवे. चावल्यावरच मरणार असेल तर उपयोग काय, असे विचारणारे भेटतात. उपयोग हाच की ती काही तासांत मरते, अंडी घालण्याआधी. पण डोसाची मुदत संपत आली की मारण्याचा वेग मंदावतो, आणि वेग मंदावला की एखादी मादी अंडी घालून जाते. गोळी तारखेला देणे महत्त्वाचे आहे ते यासाठी. मानेवर कातडीला लावायचे फिप्रोनिलचे थेंब जुने, पण टाकाऊ नाहीत आणि पुष्कळदा स्वस्त पडतात. ते कातडीच्या तेलातून अंगभर पसरतात, म्हणून लावण्याच्या आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. बरेच लोक हौसेने त्याच दिवशी न्हाऊ घालतात आणि औषधाला नावे ठेवतात.

रसायने कुत्र्याला अपाय करतील ही भीती मला हास्यास्पद वाटत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये आयसोक्साझोलिन गटाबद्दल जाहीर सूचना काढली: काही प्राण्यांत स्नायूंचा थरकाप, तोल जाणे, झटके येणे असे परिणाम दिसले आहेत. बहुसंख्य प्राण्यांसाठी ही औषधे सुरक्षित असल्याचेही त्याच सूचनेत म्हटले होते. ज्या कुत्र्याला आधी कधी फिट आली आहे त्याच्या मालकाने ती गोष्ट डॉक्टरांना सांगायलाच हवी. दुसरे औषध निवडता येते. खरा धोका घडतो तो बहुधा अंदाजाने दिलेल्या डोसात. तीस किलोच्या कुत्र्याची गोळी मोडून चार किलोच्या पॉमेरेनियनला देणे, किंवा गाईगुरांच्या गोचिडांसाठी मिळणारे तीव्र डेल्टामेथ्रिन अंदाजपंचे पाण्यात मिसळून कुत्र्यावर ओतणे, याला काटकसर म्हणता येत नाही. पर्मेथ्रिन असलेले कुत्र्यांचे औषध मांजराच्या जिवावर बेतते, कारण मांजराच्या यकृताला ते नीट पचवता येत नाही. घरात मांजर असेल तर हे दुकानात विचारण्यापेक्षा डॉक्टरांना विचारावे.

मग घरगुती उपाय? कडुनिंबात कीटकांच्या वाढीत अडथळा आणणारी द्रव्ये आहेत हे खरे. पण पाल्याच्या उकळलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण किती उतरले याचा भरवसा नाही, आणि पिसू पहिल्या दिवशीच मरायला हवी ही आपली अट त्याने पुरी होत नाही. आंघोळीच्या पाण्यात घातल्याने नुकसान नाही. त्याच्यावर विसंबल्याने आहे. लिंबू आणि व्हिनेगरबद्दल तेवढेही म्हणता येत नाही. लसणाचे प्रकरण गंभीर आहे. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. रक्त पिणाऱ्या किड्याला हाकलण्यासाठी कुत्र्याचे रक्तच बिघडवायचे, हा उपाय कोणाला सुचला असेल कोण जाणे. रॉकेलने कातडी भाजते आणि चाटताना ते फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. फिनेल आणि कापूर चाटल्यानेही विषबाधा होते. नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे, हे निदान कापराबद्दल तरी आपल्या घरांत जुने ज्ञान आहे. लहान मुलाच्या हाती तो कोणी देत नाही.

आता सर्वांत अवघड आक्षेप. गोळी देऊन पंधरा दिवस झाले, तरी कुत्र्यावर पिसवा दिसतात. औषध नकली आहे किंवा पिसवांना त्याची सवय झाली आहे. यावर "त्या कोषातून नव्याने आलेल्या आहेत, धीर धरा" असे उत्तर मिळते. ते बहुतेक वेळा बरोबरच असते, पण या उत्तराने कुठल्याही निकामी औषधाची पाठराखण करता येईल, ही शंकाही रास्त आहे. म्हणून धीर किती धरायचा हे आधीच ठरलेले हवे. औषध काम करत असेल तर दिसणाऱ्या पिसवा थोड्या, मंद आणि नुकत्याच आलेल्या असतात. फणीतून निघणारे काळे कण आठवड्यागणिक घटतात. पहिले दोन-तीन आठवडे संख्या क्वचित वाढलेलीही भासते, कारण औषध सुरू होण्याआधी पडलेली अंडी याच काळात मोठी होऊन येतात. दुसऱ्या महिन्यात उतार स्पष्ट दिसायला हवा आणि तिसरा संपेपर्यंत प्रश्न मिटायला हवा. तसे झाले नाही तर शंका घ्यावी, पण क्रमाने. वजनाप्रमाणे डोस होता का? तारीख चुकली का? घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला औषध मिळाले का? एक मांजर जरी सुटले तरी अंड्यांचा कारखाना चालूच राहतो. अंगणात रोज येऊन झोपणारे भटके कुत्रेही याच हिशेबात धरावे लागते. हे सारे नीट असूनही पिसवा तशाच राहिल्या, तर औषधावर बोट ठेवायला हरकत नाही.

घराची झाडलोट या काळात व्यर्थ नसते. तिने तीन महिने लवकर संपत नसले तरी सुसह्य होतात. ओहायो राज्य विद्यापीठातल्या २००७ च्या प्रयोगात व्हॅक्यूम क्लीनरने ओढलेल्या मोठ्या पिसवांपैकी सरासरी ९६ टक्के मेल्या आणि अळ्या व कोष तर सगळेच. व्हॅक्यूमच्या कंपाने कोषही फुटतात, ते फायद्याचेच. व्हॅक्यूम नसेल तर दिवाण-सोफा सरकवून सांधे-कोपरे नीट झाडावेत आणि केर लगेच घराबाहेर टाकावा. नुसते ओले फडके फिरवल्याने अंडी सांध्यात जाऊन बसतात. कुत्र्याचे अंथरूण आठवड्याला कढत पाण्यात धुवावे आणि कडक उन्हात टाकावे. उचलताना चारही कोपरे आत दुमडून घ्यावेत, नाहीतर अंडी वाटभर सांडतात. एक चूक मात्र पुष्कळ घरांत होते. पिसवा दिसल्या की कुत्र्याला गॅलरीत बांधतात. औषध दिलेला कुत्रा घरभर फिरला पाहिजे, नेहमीच्या जागी लोळला पाहिजे. कोषातल्या पिसवांना बाहेर काढून मारणारा तोच आहे. त्याला हटवले तर त्या पिसवा माणसांच्या पायांकडे वळतात.

एवढ्याशा किड्यासाठी एवढा खटाटोप का, असे ज्यांना वाटते त्यांनी पिल्लाचा विचार करावा. सुमारे ७२ माद्या मिळून दिवसाला १ मिलिलिटर रक्त पितात. अर्ध्या किलोच्या पिल्लाच्या अंगात सगळे मिळून ४०-४५ मिलिलिटर रक्त असते. शंभर-दोनशे पिसवा त्याला पांढरेफटक पाडायला पुरतात. बहुतेक गोळ्या आठ आठवड्यांखालच्या पिल्लाला देता येत नाहीत, तेव्हा फणी, कोमट पाणी आणि आईवरचा इलाज एवढेच हाती राहते. मोठ्या कुत्र्यात पिसूच्या लाळेची ॲलर्जी असेल तर चार-दोन चाव्यांनी शेपटीच्या बुडाशी केस गळून जखमा होतात. कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले तर ते डिपिलिडियम या पट्टकृमीचे. या कृमीची अंडी पिसूची अळी खाते आणि ती पिसू चाटताना कुत्रा गिळतो, कधी जमिनीवर खेळणारे मूलही. जंताच्या औषधाने कृमी पडतो, पण पिसवा असतील तोवर तो परत येतो.

तेव्हा पहिली गोळी देण्याआधी कुत्र्याचे वजन करून घ्या, घरातल्या इतर प्राण्यांचेही औषध त्याच दिवशी आणा, आणि डोसाची तारीख कालनिर्णयवर लिहा. त्याच वेळी पुढची पाने उलटून तीन महिन्यांत येणारे सगळे डोसही लिहून टाका. दुसऱ्या महिन्यात कुत्रा खाजवणे थांबवेल. तेव्हा डोस चुकवू नका.